सावलीतलं वाळवण

७ सप्टेंबर २०२५

चि. नुहैला,

अक्षर ओळखीचं वाटणार नाही, कारण ते तू कधी पाहिलेलंच नाहीस. पत्र माझ्या हातचं आहे. साखरेचा शंकू गुंडाळतात त्या निळ्या कागदावर पहिली सात अक्षरं तू मला गिरवायला दिली होतीस. बाकीची मी मशिदीतल्या बायकांच्या वर्गात मिळवली. शेजारची खदूजही वर्गाला येते, पण चहासाठी. चार वर्षांत तिला फक्त स्वतःचं नाव लिहिता यायला लागलंय, तरी बसते सगळ्यांत पुढे.

फोन करत नाही, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू फोनच बंद करतेस. कागदावर दोन्ही होत नाही. पत्ता तुझ्या तेतुआनच्या आत्याने दिला. ती म्हणाली, तू फ्रान्समध्ये अत्तराच्या कारखान्यात मोठ्या जागेवर आहेस, दिवसभर बाटल्या हुंगतेस आणि त्याचा पगार मिळतो. मी म्हटलं, नाक कुणाचं आहे!

आता इकडचं ऐक. आपल्याला परवाना मिळाला. घरामागच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात आता आपली किफ उघड्यावर डुलते. परवान्यावर 'औषधी भांग' लिहिलंय. आम्हा बारा जणींचा गट आहे आणि माल औषधं बनवणाऱ्या कंपनीला जातो. वाण आपलंच, बल्दिया, तुझ्या पणजीच्या हातचं. पाणी पिऊन झरे आटवणारं ते परदेशी बियाणं मी कुंपणाच्या आत येऊ दिलं नाही. पूर्वी पोलिसांची जीप दिसली की आपण देवदारांत पळायचो, आठवतं? परवा तीच जीप दाराशी थांबली. आतला साहेब म्हणाला, "मावशी, पीक कसं आहे?"

मी म्हटलं, "तुझ्या बापाने जाळलं होतं त्यापेक्षा बरं आहे."

बिचारा हसला. खरंच त्याच्या बापानेच जाळलं होतं.

गटाची प्रमुख मी आहे. निवडणूक नाकावर झाली. खदूजने माझे डोळे बांधले आणि एकेकीच्या शेतातला फुलोरा नाकाशी धरला. लिंबाच्या सालीसारखा आला तो खदूजचा, झऱ्याकाठचा. देवदाराच्या चिकासारखा तो वरच्या आळीतल्या यामनाचा. मिरी कुटल्यासारखा आला तो माझाच. बाराच्या बारा बरोबर. खदूज म्हणाली, "हिच्या घरात चोरून बेसाराची आमटीही शिजवायची सोय नाही."

तुझ्या वडिलांच्या कबरीवर चुना दिला. तुझी राखाडी शाल तुझ्या खोलीतल्या उंच खुंटीला आहे तशी आहे. सगळं झकास आहे. हे मी माफी मागायला लिहीत नाहीये, खुशाली कळवायला लिहितेय.

तुझी आई,
रहिमो


२१ सप्टेंबर

चि. नुहैला,

मागच्या पत्रात एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणजे मीच ठेवली.

ऑगस्टचा माल कंपनीने परत केला. पोती दाराशी आणून टाकली. आणणारा अनवार, कंपनीचा शेतकी साहेब. साहेब कसला, मिशी अजून फुटायची आहे, पण पोरगा गुणाचा. त्याने कागद वाचून दाखवला: "औषधी द्रव्य पुरेसं. रंग उडालेला, तपकिरी. सुगंधी द्रव्यं जवळजवळ नाहीत." म्हणजे आपल्या किफला वास नाही! माझ्या किफला!

मी म्हटलं, "तुमच्या यंत्राला पडसं झालं असेल."

"मावशी, यंत्राला नाक नसतं."

"मग त्याला कशाला विचारलंत?"

सगळ्या हसल्या. पण पोती काही हसली नाहीत, तिथेच पडून राहिली. मग अनवारने मला बाजूला घेऊन सांगितलं की कंपनीला नुसतं गुंगीचं द्रव्य नको, वासही हवा. आजाऱ्याला झोप लागायला, दुखणं उतरायला वासाचे अर्कही कामी येतात असं त्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं आहे आणि करारात तसं लिहिलंय. ते मी वाचलं होतं. वाचून पुढे गेले होते. वासाची काळजी मी करायची?

आता उरलाय फक्त वरचा तुकडा, देवदारांना लागून असलेला. तिथे यंदा बर्फ उशिरापर्यंत होतं, म्हणून पेरा मागे पडला आणि पीक अजून उभं आहे. बारा जणींची वरची शेतं मिळून तो दुसरा माल. तोही परत आला तर करार संपला. आणि घेणारा नसेल तर परवान्याच्या नियमाने उभं पीक उपटून जाळायचं. म्हणजे जीप पुन्हा जुन्याच कामाला यायची, आणि या खेपेला आम्हाला पळायचीही सोय नाही, कारण आमची नावं आता भिंतीवरच्या परवान्याच्या पाटीवर आहेत.

यामनाने त्या परवान्याच्या भरवशावर मुलीला तालुक्याच्या शाळेत घातलंय. यामना रोज येते. नुसती पोत्यांकडे बघते.

तुझ्याकडे मदत मागत नाहीये. एक सहज आठवलं म्हणून विचारते. तू शेवटची आलीस त्या वर्षी घराच्या धाब्यावरच्या वाळवणाबद्दल काहीतरी म्हणत होतीस. काय म्हणत होतीस ते माझ्या लक्षात नाही.

आई


२ ऑक्टोबर

नुहैला,

उत्तर नाही. पोस्टाचा दोष असेल.

वरचा तुकडा जांभळा झाला. पहाटे दहिवर पडायला लागलं आणि आठवड्याभरात पानांच्या कडा, मग देठ, मग फुलोरा, असा वांग्यासारखा रंग चढला. मी रोज बघायला जात होते. असं देखणं पीक तुझ्या वडिलांनीही कधी काढलं नसेल. आपण एरवी ऑगस्टमध्येच कापून मोकळे होतो, थंडी बघतंय कोण!

अनवार आला आणि कपाळाला हात लावला. "मावशी, हे रोगट आहे. बुरशी असेल, नाहीतर परदेशी बी मिसळलंय. अर्धं तरी उपटायला लागेल."

"हात लावून बघ."

"हात लावून काय कळणार?"

"तुला नाही कळणार. तू बस."

तुला ठाऊक आहे, माझी आई लोकर रंगवायची. तिच्या हाताखाली मी दहा वर्षं काढली. मी जांभळी पानं ठेचून गरम पाण्यात घातली आणि पाणी गाळून चहाच्या तीन पेल्यांत ओतलं. एक तसाच ठेवला, दुसऱ्यात लिंबू पिळलं, तिसऱ्यात चुलीच्या राखेचं निवळलेलं पाणी घातलं. लिंबाचा पेला डाळिंबासारखा लाल झाला. राखेचा हिरवा पडला. मधला होता तसाच.

मी म्हटलं, "सडलेलं पान असे रंग बदलत नाही. सडकं ते सडकंच राहतं. हा झाडाने स्वतः केलेला रंग आहे. पिवळा असतो तो हिरव्याखाली आधीपासून दडलेला असतो, हिरवा ओसरला की दिसतो. हा जांभळा मात्र झाड थंडीत नव्याने अंगावर घेतं. आपण लोकरीचं घालतो तसं."

अनवार पेल्यांकडे बघत राहिला. म्हणाला, "हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. लाल कोबीवर."

खदूज म्हणाली, "मग कंपनीने त्या कोबीलाच का नाही नेमलं?"

पोरगा कानापर्यंत लाल झाला, लिंबाच्या पेल्यासारखा. पण खरा माणूस आहे. तिन्ही पेल्यांचा फोटो काढून कंपनीला पाठवला आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला: उपटू नका. मला वाटलं, जिंकले. बायकांनी माझ्या नावाने आनंदाचं यू यू यू करून डोंगर दणाणून सोडला.

निघताना तो म्हणाला, "रंगाचं पटलं, मावशी. पण वासाचं काय?"

मी ऐटीत सांगितलं, "एवढा रंग आहे तिथे वास असणारच." आणि त्याच्यासमोर सगळ्यांत गर्द जांभळं पान चोळून नाकाशी नेलं.

नुहैला, गवताचा वास आला. नुसत्या गवताचा. शेजारचा फुलोरा हुंगला तर मिरी, लिंबू, चीक, सगळं जागच्या जागी. म्हणजे रंगाचा आणि वासाचा काही संबंध नव्हता. वास त्या चिकट दवासारख्या बारीक थेंबांत होता, बोटाला लागतात त्या. आणि झाडावर तो होता. ऑगस्टच्या पिकातही होता, मीच डोळे बांधून ओळखला होता. मग पोत्यात जाईपर्यंत गेला कुठे?

तुझी आई पडली तरी नाक वरच ठेवते. त्याच्यासमोर मी म्हटलं, "बघते." आणि घरी आले.

घरी येऊन काय केलं ते या पत्रात लिहिता येत नाही.

आई


५ ऑक्टोबर

नुहैला,

आता लिहिते.

मी तुझी खोली उघडली. सहा वर्षांनी. उत्तरेची आहे, ऊन कधी येत नाही, तू लहानपणी कुरकुर करायचीस. लोकरीच्या गाठोड्याखाली हात घातला आणि तुझी वही काढली.

हो, तुझी वही. ती जळली नाही.

तू धाब्यावर काय म्हणाली होतीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. मागे खोटं लिहिलं. तुझे वडील जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. सगळ्या बायका धाब्यावर जुड्या पसरत होत्या आणि तू अर्ध्या जुड्या उचलून खोलीत टांगल्यास. मी म्हटलं, "तुझा बाप तीस वर्षं उन्हात वाळवत आला, तो काय येडा होता?" तू म्हणालीस, "बाबांना चाळायचं असायचं, आई. फडकं ताणून, वर काठ्या बडवून चरसाची भुकटी पाडायची, तर माल कडकडीत वाळायला लागतो. ऊन त्यासाठी. उन्हात वास उडून जातो, रंगही उडतो. औषधाला वास लागेल, एक दिवस लागेल." औषधाची गोष्ट तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. मला एवढंच ऐकू आलं की पोरगी मेलेल्या बापाला चुकीचं ठरवतेय, आणि तेही बारा बायकांसमोर.

मग मी बोलले ते बोलले. मग तू म्हणालीस की कॉलेजात मुली तुझ्या बाकावर बसत नाहीत, शाल तीनदा धुतली तरी हा वास जात नाही, तुला या वासाची लाज वाटते. आणि मी तुझी वही उचलून भाकरीच्या भट्टीत टाकली.

तू वळून चालू लागलीस. मागे बघितलं असतंस तर दिसलं असतं. मी हात घालून ती बाहेर काढली. संध्याकाळी तू निघालीस तेव्हा माझ्या हाताला फडकं होतं ते भाकरीने भाजलं म्हणून नव्हतं. तू खाली रस्त्यावर गाडीची वाट बघत होतीस आणि मी वही ओढणीखाली धरून दारात उभी होते. हाक मारली नाही. का नाही मारली, हे मला अजून नीट लिहिता येत नाही, आणि हा अक्षरांचा दोष नाही.

तेव्हा मला वही वाचता येत नव्हती. आता येते. परवा पहिल्यांदा वाचली. पान चोवीस: "फुलोरा सकाळी ऊन चढायच्या आत कापावा. उत्तरेच्या खोलीत उलटा टांगावा, जुड्या एकमेकींना चिकटू नयेत. खिडकी" – इथे कागद जळालाय. खालच्या ओळीत "दिवस" आहे, पण किती ते जळून गेलंय. आकडा मीच जाळला.

आम्ही कालपासून कापतोय. पहाटे उठून, हात गारठवत. सगळा माल तुझ्या खोलीत टांगलाय. दोऱ्या मी बांधल्या. पाय ठेवायला जागा नाही. खदूज दारातून डोकावून म्हणाली, "लेकीला ही खोली बंद, आणि किफला दिवाणखाना!" एरवी मी तिला सोडलं नसतं. आज नुसती पुढची जुडी टांगली.

किती दिवस, नुहैला? कमी ठेवलं तर बुरशी येईल, जास्त ठेवलं तर वास जाईल. आणि खिडकी उघडी की बंद? या वेळी मी खुशाली कळवत नाहीये. तुला विचारतेय.

आई


८ नोव्हेंबर

नुहैला बाळा,

तुझं उत्तर येईपर्यंत झाडं थांबणार नव्हती, म्हणून माझं मीच बघितलं.

पहिले दोन दिवस खिडकी उघडी ठेवली. वारा आला आणि सगळा वास अंगणात. शेळ्यासुद्धा माना वर करून बघायला लागल्या. म्हटलं, शेळ्यांना कळतो तो वास आजाऱ्याच्या वाट्याचा आहे. खिडकी लावली, खालची फट तेवढी मोकळी ठेवली. रोज सकाळी एक जुडी हुंगायची, एक देठ वाकवायचा. नवव्या दिवशी नुसता ओल्या पेंढ्याचा वास यायला लागला. यामना आली. पहिल्यांदाच बोलली, "मावशी, पाऊस यायच्या आत धाब्यावर टाकूया. निदान वाळेल तरी." बाकीच्याही जिन्यात उभ्या. जुड्या उचलायला हातही पुढे झाले.

मी दारात आडवी बसले. खरंच बसले, उंबऱ्यावर, पाय पसरून. म्हटलं, "सहा वर्षांपूर्वी या खोलीतून मी जुड्या बाहेर फेकल्या होत्या. आज कुणी फेकायच्या असतील तर मला ओलांडून जा."

कुणी ओलांडलं नाही. खदूज शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "हिला ओलांडायचं म्हणजे घाट चढायचा."

अकराव्या दिवशी पेंढ्याचा वास मागे सरला. बाराव्याला लिंबू आलं. चौदाव्या सकाळी देठ वाकवला तर वाकला नाही, कट्‌ करून मोडला. आणि वास! डोळे बांधायची गरज नव्हती. बाराही शेतं त्या खोलीत वेगवेगळी उभी होती. जांभळा रंगही तसाच, कालच कापल्यासारखा. चौदा दिवस, मी ठरवलं. कुणाला न विचारता, कारण विचारायला कुणी नव्हतं.

काल अनवार आला. कंपनीच्या जीपमधून उतरतानाच दात दिसत होते. कागद त्याने माझ्या हातात दिला आणि मी तो बायकांसमोर उभी राहून, न अडखळता वाचला. सगळं नाही समजलं. मर्सीन, लिमोनीन, पाइनीन अशी नावं होती आणि पुढे आकडे. पण ती नावं मला नवी नव्हती, तुझ्या वहीत अठराव्या पानावर आहेत. तू समोर लिहून ठेवलंयस: लिमोनीन म्हणजे खदूजचं शेत, पाइनीन म्हणजे यामनाचं. तू तेव्हाच हुंगून ओळखलं होतंस? आणि मी इकडे सगळ्यांसमोर मिरवत होते!

शेवटी लिहिलंय: "माल उत्तम. पुढील वर्षाचा करार कायम." यामना भिंतीला टेकून खाली बसली आणि पोटभर रडली.

फॉर्मवर एक रकाना होता: वाळवणाची पद्धत कोणाची. अनवार म्हणाला, "गटाचं नाव टाकूया." मी पेन हिसकावून घेतलं आणि लिहिलं: नुहैला, अयाशीची आणि रहिमोची मुलगी. तुझ्या वडिलांचं नाव मुद्दाम घातलं. त्यांनी तुला आनंदाने उचलून धाब्यावर नेलं असतं आणि हाका मारून गाव गोळा केलं असतं. ते येडे नव्हते. माझंच चुकलं.

हे वाक्य मी चार कागद फाडल्यावर लिहिलंय. जपून ठेव, पुन्हा मिळेलच असं नाही.

आई


१४ नोव्हेंबर

बाळा,

तुझं कार्ड आलं. गावाचं टपाल येतं त्या दुकानात पडलं होतं, खदूजने आणलं. वाचता येत नाही तरी वाटभर डोळ्यांसमोर धरून आली, आणि तेही उलटं. दारातून ओरडली, "रहिमो, थोडकंच लिहिलंय! एक तर फार रागावलीय, नाहीतर तुझीच मुलगी आहे!"

पुढे समुद्राचं चित्र. मागे तीन ओळी.

"चौदा.
खिडकी बंद, खालची फट उघडी.
शाल धुवू नकोस."

मी आधी पोस्टाचा शिक्का बघितला. २४ ऑक्टोबर. म्हणजे माल पास झाल्याचं तुला ठाऊक नव्हतं. मी चौदा मोजल्याचंही ठाऊक नव्हतं. मी हरले असते तरी तू लिहिलंच होतंस.

मग मी ते कार्ड खदूजला वाचून दाखवलं. तिने "चौदा" पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. गटातली उरलेली दहा घरं फिरून सांगून आली, आणि प्रत्येक घरी आकडा जणू तिनेच काढला होता.

खोली आता रिकामी आहे. माल गेला, पण भिंतींनी वास धरून ठेवलाय. मी दार उघडं ठेवत नाही, तो उडेल म्हणून. तुझी गादी धाब्यावर टाकलीय. घाबरू नकोस, गादीला ऊनच लागतं.

शाल पोस्टाने पाठवणार नाही. अनवार म्हणतो, सीमेवर कुत्री हुंगतात आणि त्यांना आपला परवाना वाचता येत नाही. शाल ज्या खुंटीवर आहे तिथे माझा हात आता पोहोचत नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी ती काढू देणार नाही. डिसेंबरअखेर बर्फ पडून घाट बंद होतो. त्याच्या आत ये, आणि तुझी तू काढून घे.

तुझी आई,
रहिमो